ढगातली वाट आणि दुसरा साक्षीदार

१ ऑगस्ट १९६२ रोजी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एक छोटा समारंभ झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे आपल्या परिचयाच्या एमआयडीसीची, स्थापना जाहीर झाली. त्याच्या पंचवीस दिवस आधी, ७ जुलैच्या मध्यरात्री, बँकॉकहून मुंबईला येणारे अलितालिया कंपनीचे डीसी-८ जातीचे जेट विमान जुन्नरजवळ सह्याद्रीच्या डोंगरावर आदळले. विमानातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. मुंबई तिथून अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती.

या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही आम्ही त्या शेजारी शेजारी ठेवत आहोत, त्याला दोन कारणे आहेत. एक भूगोलाचे. पूर्वेकडून येऊन मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांची शेवटची सरळ वाट वागळे इस्टेटच्या दक्षिणेला साधारण अकरा-बारा किलोमीटरवरून जाते. ते विमान सुखरूप आले असते, तर ठाणे-कल्याणच्या याच आकाशातून खाली उतरले असते. दुसरे कारण मोजमापाचे. वागळे इस्टेटमधल्या यंत्रशाळांतील कारागिराला रोज एक प्रश्न पडतो : माप कुठून धरायचे, आणि धरलेले माप बरोबर आहे हे कशावरून? ढगात शिरलेल्या वैमानिकापुढेही हाच प्रश्न असतो. या प्रश्नाला माणसाने गेल्या शंभर वर्षांत दिलेल्या उत्तरांचा इतिहास आपण या लेखात पाहू या.

शरीरावर विश्वास का ठेवता येत नाही?

पहिल्यांदा एक सोपा प्रयोग. फिरत्या खुर्चीवर एखाद्या विद्यार्थ्याला डोळे बांधून बसवा आणि खुर्ची एकाच गतीने हळूहळू फिरवत राहा. वीस-तीस सेकंदांनी तो सांगू लागेल की खुर्ची थांबली. मग ती खरोखरच थांबवा. आता तो म्हणेल की खुर्ची उलट्या दिशेने फिरते आहे! आपल्या आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव गतीतला बदल ओळखतो, एकसारखी गती ओळखत नाही. जमिनीवर डोळे ही चूक लगेच दुरुस्त करतात. ढगात ती दुरुस्ती होत नाही. विमान कलून गोल फिरत असले, तरी वैमानिकाला ते सरळ चालले आहे असे वाटते.

यावरचा उपाय २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर दाखवला गेला. जिमी डूलिटल या अमेरिकी वैमानिकाने झाकलेल्या कक्षात बसून, बाहेरचे काहीही न पाहता, उड्डाण केले, फेरी मारली आणि विमान पुन्हा उतरवले. त्याच्यासमोर भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारे कृत्रिम क्षितिज होते, दिशा दाखवणारा भोवरा होता, हवेच्या दाबावरून उंची सांगणारे संवेदनशील उंचीमापक होते आणि जमिनीवरून येणारे रेडिओसंदेश होते. शरीर सांगते ते बाजूला ठेवून उपकरण सांगते ते मानायचे, ही उपकरणी उड्डाणाची पहिली शिस्त तेव्हापासून रुजली.

आपल्याकडे त्यानंतर तीन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे.आर.डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. त्यांच्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता. खाली दिसणारी जमीन हीच वाटाडी. जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई, म्हणून त्या महिन्यांत विमानसेवा पुण्याला हलवावी लागे. दिसेल तेव्हा उडायचे आणि दिसेल तिथे उतरायचे, असा तो काळ होता.

पण विमाने मोठी झाली, त्यांची वेळापत्रके ठरली, आणि पावसासाठी थांबणे परवडेनासे झाले. १२ जुलै १९४९ रोजी केएलएम कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान भर पावसाळ्यात सांताक्रूझला उतरण्याच्या प्रयत्नात असताना घाटकोपरजवळच्या टेकडीवर आदळले. ४५ जण दगावले. त्यांत इंडोनेशियाहून परतणारे तेरा अमेरिकी पत्रकार होते. ती टेकडी जेमतेम दोनशे मीटर उंच होती. ठाण्याहून मुंबईला लोकलने जाताना जी टेकडी आपल्या लक्षातही येत नाही, ती ढगात किती मोठी होते हे या अपघाताने दाखवले.

खिशातली वही

टेकड्या ढगात दिसत नसतील, तर त्या आधीच मोजून कागदावर लिहून ठेवायला हव्यात. हे काम पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केले ते एलरे जेपसेन या अमेरिकी टपाल-वैमानिकाने. १९३० मध्ये त्याने दहा सेंटला एक काळी वही विकत घेतली आणि तीत तो विमानतळांची, धावपट्ट्यांची, आसपासच्या अडथळ्यांची टिपणे करू लागला. सवड मिळाली की तो उंचीमापक घेऊन टेकड्यांवर, धुराड्यांवर, पाण्याच्या टाक्यांवर चढत असे आणि त्यांची उंची नोंदवत असे. इतर वैमानिक प्रती मागू लागले, तेव्हा १९३४ पासून त्याने ती वही विकायला सुरुवात केली. आज जगभरचे वैमानिक वापरतात त्या उतरण्याच्या नकाशांच्या मुळाशी ही वही आहे.

असा नकाशा म्हणजे ढगातून उतरण्याची लेखी कार्यपद्धती. तिचा गाभा सोपा आहे : अमुक ठिकाण ओलांडल्याची खात्री होईपर्यंत अमुक उंचीच्या खाली यायचे नाही. ही उंची अंदाजाने ठरवत नाहीत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या नियमांप्रमाणे, सुरुवातीच्या टप्प्यात त्या पट्ट्यातील सर्वांत उंच अडथळ्याच्या वर किमान ३०० मीटर मोकळी जागा सोडतात. मधल्या टप्प्यात १५० मीटर. शेवटच्या टप्प्यात, केवळ दिशा दाखवणारे साधन असेल तर, साधारण ७५ मीटर. डोंगराळ भागात हे अंतर आणखी वाढवतात. म्हणजे ही वाट जिन्यासारखी असते. प्रत्येक पायरीची उंची आणि ती कुठे संपते ती जागा, दोन्ही ठरलेले.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. ठरलेल्या किमान उंचीवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत, तर उतरायचे नाही. इंजिनांना पूर्ण जोर देऊन वर चढायचे आणि ठरलेल्या वाटेने दूर जायचे. परत फिरण्याची ही वाटही त्याच नकाशावर लिहिलेली असते. तो कार्यपद्धतीचाच भाग आहे, अपयश नव्हे, हे प्रत्येक वैमानिकाला शिकवले जाते.

दोन सुरांमधली रेषा

जिन्याऐवजी सरळ घसरगुंडी मिळाली तर? ते काम उपकरणी अवतरण प्रणालीने केले. वैमानिक तिला आयएलएस म्हणतात. २६ जानेवारी १९३८ रोजी अमेरिकेत पिट्सबर्ग येथे हिमवादळात एक प्रवासी विमान या पद्धतीने उतरले.

तिची युक्ती वर्गात सांगण्यासारखी आहे. धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या अँटेनामधून एकाच रेडिओलहरीवर दोन सूर पाठवले जातात : एक सेकंदाला ९० कंपनांचा, दुसरा १५० कंपनांचा. उतरणाऱ्या विमानाच्या डाव्या बाजूला ९० चा सूर मोठा, उजवीकडे १५० चा. बरोबर मध्यरेषेवर दोन्ही सारखे. विमानातील उपकरण दोघांची तुलना करते आणि काटा हलवते. अशीच दुसरी जोडी उभ्या प्रतलात : वरच्या बाजूला ९० चा सूर मोठा, खाली १५० चा. जिथे दोन्ही सारखे, ती उताराची रेषा. बहुतेक विमानतळांवर हा उतार सुमारे ३ अंशांचा असतो.

३ अंशांची स्पर्शज्या ०.०५२४ आहे. म्हणजे धावपट्टीपासून एक किलोमीटर दूर गेले की वाट सुमारे ५२ मीटर उंच होते. मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीचे उदाहरण घेऊ. २७ म्हणजे २७० अंश, अर्थात पश्चिमेकडे तोंड करून उतरायचे. ठाणे खाडीच्या पूर्व काठावर, धावपट्टीपासून सुमारे १२ किलोमीटरवर, अशा उताराची उंची ६३० मीटर भरते.

आता १९६२ च्या त्या रात्रीकडे हे गणित घेऊन परत जाऊ. विमान सुमारे ३,६०० फुटांवर, म्हणजे अंदाजे १,१०० मीटर उंचीवर आदळले. १,१०० ला ५२ ने भागले की २१ येतात. पूर्वेकडून सरळ उतरणारे विमान या उंचीवर असायला हवे ते धावपट्टीपासून २१ किलोमीटरवर, म्हणजे डोंबिवलीच्या दक्षिणेला, शिळफाटा आणि तळोजाच्या आसपास. प्रत्यक्षात ते ८४ किलोमीटरवर होते, घाटमाथ्याच्या कड्यांमध्ये. हे गणित आपले आहे. वैमानिकांच्या मनात नेमका हाच बिंदू होता असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण चौकशीचा निष्कर्ष याच दिशेचा होता : आपण मुंबईच्या अधिक जवळ पोहोचलो आहोत अशा चुकीच्या समजुतीने विमान वेळेआधी खाली आणले गेले. किमान सुरक्षित उंचीची मर्यादा पाळली गेली नाही. आणि स्थान पडताळून पाहण्यासाठी जी साधने हाताशी होती, ती वापरली गेली नाहीत.

हे शेवटचे वाक्य आपण लक्षात ठेवू या. चूक केवळ अंदाजात नव्हती. अंदाजाला दुसऱ्या कोणाची साक्ष काढली गेली नाही, ही ती चूक होती.

डोळ्यांची साक्षही नेहमी पुरेशी नसते. जुहू आणि सांताक्रूझ हे विमानतळ एकमेकांपासून चारेक किलोमीटरवर, आणि दोन्हीकडच्या धावपट्ट्यांची दिशा जवळजवळ सारखी. १५ जुलै १९५३ रोजी बीओएसी कंपनीचे कॉमेट जेट सांताक्रूझ समजून छोट्या जुहूवर उतरले. पुढे ते तिथूनच उडवून न्यावे लागले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली आणि ते जुहूची धावपट्टी ओलांडून पुढे गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही. धावपट्टी दिसली, म्हणजे आपली धावपट्टी दिसली असे नव्हे.

मोंब्लां, १९६६

दुसऱ्या साक्षीदाराचे मोल मराठी वाचकाला ज्या अपघाताने सर्वांत जास्त जाणवावे, तो २४ जानेवारी १९६६ चा. एअर इंडियाचे ‘कांचनगंगा’ हे बोइंग ७०७ विमान मुंबईहून दिल्ली आणि बैरुतमार्गे जिनिव्हाला उतरत असताना मोंब्लां शिखराजवळ आदळले. ११७ जणांत डॉ. होमी भाभा होते.

त्या काळी दिशा कळण्यासाठी जमिनीवरील व्हीओआर नावाची रेडिओकेंद्रे वापरत. एका केंद्रापासून आपण कोणत्या दिशेला आहोत एवढेच त्यावरून कळते. अशा दोन केंद्रांकडून दिशा घेतल्या, तर दोन रेषा जिथे छेदतात ते आपले स्थान. त्या विमानातील दोन व्हीओआर ग्राहकांपैकी एक बिघडलेला होता. रडारवर पाहणाऱ्या नियंत्रकाने विमान मोंब्लांपासून अजून पाच मैलांवर असल्याचे कळवले. पण त्या शब्दांचा अर्थ वैमानिकाने शिखर ओलांडले असा घेतला आणि तो खाली उतरत राहिला. इथे दुसरा साक्षीदार होता, तो बोललाही. पण त्याचे म्हणणे नीट ऐकून, परत विचारून, पक्के केले गेले नाही.

संगणक वाटाड्या होतो

१९८२ मध्ये बोइंग ७६७ हे विमान सेवेत आले, आणि त्याच्यासोबत उड्डाण व्यवस्थापन यंत्रणा नेहमीच्या प्रवासी उड्डाणात रुळू लागली. वैमानिक तिला एफएमएस म्हणतात. एअर इंडियाकडे १९८६ मध्ये एअरबस ए-३१० विमाने आली, तर इंडियन एअरलाइन्सकडे १९८९ मध्ये ए-३२०. आज आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या प्रवासी विमानात ही यंत्रणा असते.

ही यंत्रणा तीन कामे करते. पहिले, मी कुठे आहे? विमानातील जडत्व-मापक, जमिनीवरील केंद्रांपासूनची अंतरे आणि उपग्रहांचे संकेत यांचा मेळ घालून ती स्थान काढते. दुसरे, मला कुठे जायचे आहे? तिच्या स्मृतीत जगभरचे मार्गबिंदू, धावपट्ट्या आणि उतरण्याच्या कार्यपद्धती साठवलेल्या असतात. जेपसेनची वहीच आता संगणकात गेली आहे असे म्हणा ना! ही माहिती दर २८ दिवसांनी नवी केली जाते. तिसरे, मधली वाट कशी कापायची? कुठे वळायचे, कुठून उतरू लागायचे, कुठे वेग कमी करायचा, हे ती आखते आणि स्वयंचलित चालकाला सांगते.

उतरण्यापूर्वी वैमानिक यंत्रणेच्या कळफलकावरून धावपट्टी आणि कार्यपद्धती निवडतो. पडद्यावर मार्गबिंदूंची यादी येते. मग सर्वांत महत्त्वाचे काम सुरू होते : एक जण यादी वाचतो आणि दुसरा नकाशाशी ताडून पाहतो. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत दिशा किती अंश? अंतर किती? ओलांडतानाची किमान उंची किती? उताराचा कोन किती? परत फिरण्याची वाट बरोबर आहे का? नियंत्रकाने आयत्या वेळी धावपट्टी बदलली, तर हे सारे पुन्हा करायचे. ते करायला वेळ नसेल, तर वेळ मागून घ्यायचा.

वागळे इस्टेटमधल्या कारागिराला हे समजावून सांगावे लागणार नाही. त्याच्या सीएनसी लेथला आज्ञावली दिली की ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूक काम करते. पण शून्य चुकीच्या जागी धरले असेल, तर ती तेवढ्याच अचूकतेने चुकीच्या जागी कापते. म्हणून पहिला नग काढला की तो मशीनला विचारत नाही. वेगळे मापक घेऊन तपासतो.

तीन नव्या चुका

नवे यंत्र जुन्या चुका कमी करते आणि काही नव्या शक्य करते. त्यांतल्या तीन पाहू.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे ए-३२० विमान तिथल्या जुन्या विमानतळाच्या धावपट्टीआधीच जमिनीला टेकले. १४६ पैकी ९२ जण दगावले. आकाश निरभ्र होते, धावपट्टी दिसत होती. चौकशीत आढळले की स्वयंचलित यंत्रणा अशा एका अवस्थेत गेली होती, जिच्यात इंजिने मंद जोरावर राहतात आणि विमान निवडलेल्या उंचीकडे उतरत राहते. उतरण्याचा वेग ठरवणाऱ्या गुंडीऐवजी उंची ठरवणारी गुंडी फिरवली गेली असावी, ही शक्यता चर्चिली गेली. यंत्रणा कोणत्या अवस्थेत आहे हे पडद्यावर अक्षरांत दिसत होते. वेग आणि उंची घटत असल्याचे वैमानिकांच्या लक्षात आले, तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणूनच अवस्था बदलली की ती मोठ्याने वाचायची, असा दंडक वैमानिकांच्या प्रशिक्षणात पक्का झाला आहे.

दुसरी चूक नावाची. आपल्याकडे वडगाव नावाची किती गावे आहेत! पाकिटावर नुसते ‘वडगाव’ लिहिले, तर पत्र कुठे जाईल? २० डिसेंबर १९९५ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग ७५७ कोलंबियातील काली शहराच्या दरीत रात्री उतरत होते. आयत्या वेळी जवळची वाट घ्यायचे ठरले. वैमानिकांना रोसो नावाचे रेडिओकेंद्र हवे होते, नकाशावर त्याची खूण ‘आर’ होती. त्यांनी यंत्रणेत ‘आर’ टाकले. पण त्या अक्षराने यंत्रणेच्या यादीत पहिल्यांदा येत होते ते बोगोटाजवळचे रोमिओ नावाचे केंद्र. विमान आज्ञाधारकपणे डावीकडे वळले. दिशा चुकल्याचे कळून ते परत फिरवले जाईपर्यंत मध्ये डोंगर आला होता. १६३ पैकी १५९ जण गेले. नकाशा समोर होता. यादीतला बिंदू त्याच्याशी ताडून पाहिला गेला नाही.

तिसरी घटना अपघात होता होता टळलेली, आणि शिक्षकांना सर्वांत उपयोगी. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर एक ए-३२० पावसात उतरत होते. त्या धावपट्टीचे आयएलएस बंद असल्याने वैमानिकांनी उपग्रहांवर आधारलेली कार्यपद्धती निवडली. तिच्यात उताराची रेषा एफएमएस आखते, पण विमानाची उंची हवेच्या दाबावरून मोजते. उंचीमापकाला त्यासाठी समुद्रसपाटीचा त्या वेळचा दाब सांगावा लागतो. तो होता १००१ हेक्टोपास्कल. नियंत्रकाने सांगितला १०११. एका अंकाची चूक! जमिनीलगत दर हेक्टोपास्कलमागे सुमारे साडेआठ मीटरचा फरक पडतो, म्हणजे दहा हेक्टोपास्कलला ८५ मीटर. विमान अगदी योग्य कोनात, योग्य रेषेत, पण सगळीकडे ८५ मीटर खालून उतरत राहिले. धावपट्टी न दिसल्याने वैमानिकांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला, तेव्हा ते जमिनीपासून किमान अवघ्या सहा फुटांपर्यंत आले होते, धावपट्टीच्या सुमारे दीड किलोमीटर अलीकडे.

इथे एक बारकावा आहे. अशा उतरणीत वैमानिक ‘इतक्या अंतरावर इतकी उंची’ हा तक्ता पडताळतात. पण तक्त्याशी ताडायची उंची ते ज्या उंचीमापकावरून वाचणार, तोच चुकीच्या दाबावर लावलेला. म्हणून पडताळणी ‘बरोबर’ येते! एकाच साक्षीदाराला दोनदा विचारले, तर दोन साक्षी होत नाहीत. दुसरा साक्षीदार स्वतंत्र हवा : दाबाचा आकडा दुसऱ्या मार्गाने मिळवून ताडणे, किंवा जमिनीकडे रेडिओलहर पाठवून थेट उंची मोजणारे उपकरण.

गगन आणि पुढे

या दिशेने आपल्याकडे एक महत्त्वाचे काम झाले आहे. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून ‘गगन’ ही प्रणाली उभारली. जमिनीवरची केंद्रे उपग्रहांच्या संकेतांतील चुका मोजतात आणि त्यांची दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानांना पाठवतात. त्यामुळे उंचीसुद्धा उपग्रहांवरून इतकी नेमकी कळते की उताराची रेषा हवेच्या दाबावर अवलंबून राहत नाही. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातील किशनगढ येथे इंडिगोचे एक एटीआर विमान अशा प्रकारे उतरवून पाहण्यात आले. महागडे आयएलएस बसवणे परवडत नाही अशा लहान विमानतळांना याचा मोठा लाभ आहे. मात्र उपग्रहांचे दुबळे संकेत कोणी मुद्दाम दाबू किंवा खोटे पाठवू शकतो. म्हणजे इथेही जमिनीवरच्या साधनांची साक्ष काढण्याची गरज संपत नाही.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. ठाणे, कल्याण, पनवेलच्या आकाशात आता दोन मोठ्या विमानतळांच्या वाटा आखाव्या लागतात. एका बाजूला पारसिकची रांग, दुसरीकडे माथेरानचे सुमारे आठशे मीटर उंचीचे पठार, मागे घाटमाथा. १९६२ च्या रात्री जे डोंगर वैमानिकाला माहीत नव्हते, ते आज यंत्रणेच्या स्मृतीत आहेत, आणि डोंगर जवळ येऊ लागला तर ओरडून सांगणारे वेगळे उपकरणही विमानात असते. पण त्याची साक्षही शक्यतो स्वतंत्र असायला हवी, हे विसरायला नको. सावध करणारा हा चालवणाऱ्याच्या हो ला हो म्हणणारा नसावा.

वर्गात करून पाहण्यासारखे

आलेखकागदावर १ ला १९ या प्रमाणात उतार काढा, तो ३ अंशांचाच होतो. त्यावर आपल्या गावाचे धावपट्टीपासूनचे अंतर मांडून विमान किती उंचीवर असावे ते काढायला सांगा. काही मोबाइल फोनमध्ये दाबमापक असतो. तो घेऊन तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर गेले, की दाब साधारण एका हेक्टोपास्कलने उतरलेला दिसेल. मग जिन्याच्या पायऱ्या मोजून, एका पायरीची उंची पट्टीने मोजून, तीच उंची गणिताने काढा. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर कोणते खरे यावर मुलांना वाद घालू द्या, आणि तिसरी रीत शोधायला सांगा : गच्चीवरून सोडलेला दोरा, किंवा भिंतीच्या सावलीची लांबी.

गणिताच्या तासाला आपण ताळा करून पाहा असे सांगतो, तेव्हा बहुतेक मुले तेच गणित त्याच रीतीने पुन्हा करतात, आणि तीच चूक पुन्हा होते. वेगळ्या रीतीने केलेला ताळाच खरा ताळा, हे पॅरिसच्या त्या विमानाची गोष्ट सांगितल्यावर समजावून द्यायला सोपे जाईल.